तुझ्या कोरड्या बांधीचा आकडा

वासू,

आपल्या भातगिरणीच्या संस्थेचा वार्षिक अहवाल छापून आला. पहिल्या पानावर काळ्या चौकटीत तुझं नाव आहे. 'संस्थेचे माजी सचिव वासुदेवजी यांचे दुःखद निधन झाले. संस्था त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे.' या ओळी मीच लिहिल्या. अध्यक्ष झाल्यापासून दरवर्षी मीच लिहितो, फक्त नावं बदलतात. 'माजी' लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं. तू माजी कसा झालास ते त्याच अहवालात पुढे ठरावांच्या पानावर आहे. 'सचिवांच्या निष्काळजीपणामुळे कार्बनविषयक नोंदींत चूक झाली.' त्याखालीही सही माझीच.

तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "दाम्या, एकाच पुस्तकात पायाही पडला आन् लाथही मारली. कागद वाचवला बे!"

म्हणून हे वेगळं लिहितो आहे. तू कुठे जन्मलास, किती शिकलास, कशाने गेलास, हे गावाला ठाऊक आहे. गावाला जे ठाऊक नाही तेवढंच मला सांगायचं आहे, आणि ते तुलाच सांगतो, कारण तुझ्यासमोर मला सारवासारव करता येत नाही.

ते पत्र आलं तो दिवस आठवतो. आपला तांदूळ घेऊन परदेशात पाठवणाऱ्या शहरातल्या कंपनीने कळवलं होतं की, माल पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपला कार्बन फूटप्रिंट मोजून अहवाल द्यावा, ज्यांचा येणार नाही त्यांच्याकडून पुढे माल घेता येणार नाही. संचालकांच्या सभेत तू ते मोठ्याने वाचलंस, इंग्रजी शब्दांवर उगाच जोर देत. रामेश्वर म्हणाला, "फूटप्रिंट म्हंजे पायाचा ठसा ना? बांधीत उभा राहून चिखलाचा ठसा पाठवून देतो, किती पायजे!" सगळे हसले. मी विचारलं, नागपूरला प्रशिक्षण आहे, कोण जातं? तू लगेच हात वर केलास. जेवण हॉटेलात आहे हे पत्राच्या खालच्या ओळीत होतं आणि ते फक्त तूच वाचलं होतंस.

तुझ्याबरोबर मीही आलो, कारण तुझ्यावर माझा भरवसा नव्हता. हेही आता सांगून टाकतो. तू केस काळे करून, इस्त्रीचा सदरा घालून बसमध्ये खिडकीशी बसलास. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला बस थांबली, चहा झाला, पैसे नेहमीप्रमाणे मी दिले. "तू अध्यक्ष हायेस, शोभते तुले," असं म्हणत तू कप खाली ठेवलास.

शिकवणाऱ्या मॅडम आपल्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला आणि म्हणाल्या, "आधी कुंपण घाला. तुमची संस्था कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते ठरवा. मगच मोजायला घ्या." मग त्यांनी तीन कप्पे केले. आपण स्वतः जाळतो ते पहिल्यात, म्हणजे ट्रॅक्टरचं, ट्रकचं, जनरेटरचं डिझेल. विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. आणि आपल्यासाठी पण आपल्या दाराबाहेर जे घडतं ते तिसऱ्यात, म्हणजे दुसऱ्यांचे ट्रक, बारदाना आणि सभासदांची शेती. धानाच्या बांधीत पाणी साचून राहिलं की चिखलाला हवा मिळत नाही, त्यात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि तो धुरापेक्षा कितीतरी पट ताप वाढवतो, असं त्यांनी सांगितलं. उकड्या तांदळासाठी आपण बॉयलरमध्ये धानाचा भुसा जाळतो, त्याचा धूर मात्र या बेरजेत धरायचा नाही, वेगळा दाखवायचा. कारण त्या रोपाने तेवढा कार्बन त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो.

तू उभा राहिलास. "म्हंजे मॅडमजी, धुराड्यातला काळा धूर माफ, आन् बांधीतलं निवळ पानी गुन्हेगार?"

"गुन्हेगार कोणीच नाही काका. आपण फक्त मोजतोय."

"मंग आमच्या घरचे पापड त्या काजळीनं काळे होतात, ते कोनत्या कप्प्यात टाकू?"

त्यांनी शांतपणे सांगितलं की ते प्रदूषण, त्याचा कायदा वेगळा, हा हिशोब तापमानाचा. तुला ते पटलं नाही. तू चुकीचाच होतास. पण शेवटपर्यंत हट्ट सोडला नाहीस आणि आपल्या पहिल्या कच्च्या अहवालात शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलंस, 'बॉयलरच्या काजळीने शेजारच्या घरांचे पापड खराब होतात.' मी ते खोडलं. कुसुम वहिनींना मी कधी सांगितलं नाही की त्यांच्या पापडांची गोष्ट तू परदेशापर्यंत पोचवायला निघाला होतास.

दुपारी मॅडम म्हणाल्या, मोठ्या धरणांतूनही असाच वायू निघतो, कारण झाडं, गवत, गावं पाण्याखाली कुजतात. तू पुन्हा उभा. "मंग गोसीखुर्दचा वायू कोनाच्या नावावर?"

"ज्यांचं धरण त्यांच्या."

"बरं झालं. माही सासुरवाडी त्याच पान्यात हाये. म्हटलं सासऱ्याचाही हिशोब मलेच द्या लागते का काय."

सारा वर्ग हसला. परतीच्या बसमध्ये मात्र तू हसत नव्हतास. भंडारा जवळ आलं, वैनगंगेचा पूल आला, तेव्हा खाली पाहत म्हणालास, "दाम्या, कुसुमच्या मायबापाचं घर पान्यात सडून राहिलं, आन् कोनाच्या तरी कागदावर तो एक आकडा हाये बे." तू मनापासून काही बोललास की मला काय बोलावं ते कधीच सुचत नसे. आपली दोस्ती थट्टेवरच चालली.

त्या उन्हाळ्यात आपण दोघं रोज दुपारी गिरणीच्या ऑफिसात बसायचो. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला काळ होता, हेही लिहून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आपल्यात नुसतं वैरच होतं. संगणकावर बेरीज कशी आपोआप होते हे तूच मला शिकवलंस आणि प्रत्येक वेळी "म्हाताऱ्या, बोट हळू ठेव, तिफन नाही हाकलून राहिला तू" असं म्हणालास. विजेच्या बिलातले युनिट कोणते आणि रुपये कोणते यात मी घोळ करायचो. डिझेलच्या पावत्या लिटरमध्ये मांडायच्या, मग त्यांना ठरलेल्या आकड्याने गुणायचं. शाळकरी पोरांसारखे आपण एकमेकांचे गुणाकार तपासत होतो.

आणि ती माझ्या गाडीची पावती! संस्थेच्या कामाला म्हणून मी माझ्या गाडीत डिझेल भरलं होतं. तू पावती उजेडात धरलीस. "कोनतं काम हे?"

"भंडाऱ्याले गेल्तो. बँकेत."

"बँक तं रविवारी बंद रायते. रविवारी तू तुह्या पोरीच्या सोयरिकीले गेल्ता. ते संस्थेचं काम का?"

"काढून टाक मंग."

"काढत नाही. धूर तं निघाला ना? धूर निघाला म्हंजे धरा लागते. फक्त तुह्या नावावर धरतो." आणि खरंच तू ती ओळ वेगळी केलीस, 'अध्यक्षांची खासगी फेरी'. मी रागावलो, मग हसलो. पैसे मी भरले. तेव्हा वाटलं होतं, हा माणूस जवळ आहे तोवर माझ्या हातून मोठी चूक व्हायची नाही. तू जवळच होतास. चूक तरीही झाली.

आता बांधीचं सांगतो. हे वाचणारा बाहेरचा असेल तर त्याला आपलं पाणी कसं चालतं ते कळायला हवं. धानाच्या शेताचा बांध घातलेला एकेक तुकडा म्हणजे बांधी, आणि दोन बांध्यांमधला बांध म्हणजे धुरा. आपल्या तलावाला कालवे नाहीत. तलावाच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, पाणी पहिल्या बांधीत उतरतं, ती भरली की दुसरीत, मग तिसरीत. तुडुमाखालची पहिली बांधी माझी. मध्ये रामेश्वर आणि इतर. सगळ्यात शेवटची, डांबरी रस्त्याला लागून, तुझी. वरच्याचं पोट भरल्याशिवाय खालच्याला पाणी नाही, ही आपल्याकडची पूर्वापार रीत. पोट कधी भरलं ते वरच्यानेच ठरवायचं, हीसुद्धा रीतच. पाऊस बरा असला की कोणाला काही वाटत नाही. मध्येच उघडीप पडली की तुझ्या बांधीला भेगा पडायच्या आणि माझ्या बांधीत बेडूक ओरडायचे.

मॅडमने सांगितलं होतं की पाणी मध्ये मध्ये आटू दिलं तर मिथेन कमी होतो आणि तसं केल्याचं दाखवता आलं तर अहवालात आकडा कमी लावता येतो. त्यासाठी छिद्रं पाडलेली प्लॅस्टिकची नळी चिखलात रोवायची आणि आत पाणी किती खाली गेलं ते पाहून लिहायचं. वर, मध्ये आणि शेवटी, तिन्हीकडे नळ्या लावा, असं त्यांनी बजावलं होतं. आपण लावल्या. छिद्रांची नळी आणि तू वासुदेव, मग काय, बायकांनी त्यांना 'वासूची बासरी' म्हणायला सुरुवात केली. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बाया विचारायच्या, "आज बासरी वाजली का जी?" आणि तू धोतर वर खोचून, वही बगलेत धरून, गावभर मिरवायचास.

माझ्या बांधीतली नळी सतत भरलेलीच दिसायची. एक दिवस मी ती उपटून टाकली. निंदणाच्या बायांच्या पायात येते, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, एकदा एक बाई अडखळली होती. रामेश्वरच्या बांधीतली नळी म्हशीने तुडवली आणि त्याने पुन्हा लावली नाही. उरली तुझी एकटी. ती वारंवार कोरडी दिसायची, कारण तुझ्यापर्यंत पाणी येतच नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर अहवाल पूर्ण करायला बसलो तेव्हा मी म्हणालो, "तुह्या नळीचे आकडे सगळ्या सभासदांले लावून टाक."

तू चष्मा काढलास. "काहून? बाकीच्या बांध्या तं भरून होत्या."

"बाकीच्यांच्या नोंदी नाहीत. ज्या हायेत त्या लावायच्या."

"दाम्या, माही बांधी म्या वाळवली नाही. तुनं वाळवली. माहं धान तहानेनं मेलं आन् तू त्याले नवी पद्धत म्हनतेस?"

मी तुला काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "पान्याचं जुनं भांडन हिशोबात आनू नको. तुह्या पोटात दुखते ते मले मालूम हाये." तू उठून गेलास. दोन-तीन दिवस आला नाहीस. गावामागच्या कोरडवाहू शेतात आपला धुरा एकच, तो नांगरताना तू दरवर्षी वीतभर माझ्याकडे सरकायचास, ते मला आठवलं आणि मी माझा राग बरोबर ठरवला. मग अहवालाची मुदत आली आणि मी तुझ्या घरी आलो. ओट्यावर बसलो. त्या दिवशी जे बोललो ते फक्त तुला, मला आणि आतून ऐकणाऱ्या वहिनींना ठाऊक.

मी म्हणालो, "वासू, यंदाचा अहवाल जाऊ दे असाच. मागनी तुटली तं गिरनी बंद पडन, हमाल कुठं जातीन? पुढच्या हंगामात तलावाचं पहिलं पानी तुह्या बांधीले. मी सोताहून सोडतो. खालून वर भरू."

तू विचारलंस, "सबद?"

"सबद."

तू आकडे लावलेस. अहवाल गेला. त्यात छापलं होतं की, आपल्या संस्थेचे सभासद पाण्याचा ताण देऊन धान पिकवतात. तुझी कोरडी बांधी साऱ्या गावाचं पुण्य झाली. कंपनीकडून शाबासकीचं पत्र आलं. ते ऑफिसात काचेखाली लावलं.

उन्हाळ्यात कंपनीचा पडताळणी करणारा माणूस आला. तरुण, सरळ. तो बांध्यांवरून फिरला आणि भेटेल त्याला विचारत गेला, तुम्ही पाणी किती वेळा काढून टाकता? एका म्हातारीने सांगितलं, "पानी कोन फेकते जी? पान्यासाठी तं डोकी फुटतात इथं." तो ऑफिसात आला. संचालक बसले होते, तू कोपऱ्यात तुझ्या खुर्चीवर होतास. त्याने एकच प्रश्न विचारला, "या नोंदी कोणी घेतल्या?"

मी म्हणालो, "सचिवांनी."

ते खरं होतं. नोंदी तूच घेतल्या होत्यास. मी एक अक्षर खोटं बोललो नाही, वासू, आणि आजवर इतकं मोठं खोटं मी कधी बोललेलो नाही. त्यापुढे मला एवढंच म्हणायचं होतं की, त्या सगळ्यांना लावायला मीच सांगितलं. तू माझ्याकडे पाहत होतास. त्या वाक्याची वाट पाहत होतास. मी समोरच्या शाबासकीच्या पत्राच्या काचेत पाहत राहिलो.

रामेश्वर लगेच म्हणाला, "सचिवाचीच चूक हाये मंग." ठराव झाला. कंपनीने चुकीची कबुली मान्य केली, शेतीचा कप्पा 'माहिती उपलब्ध नाही' असा कोरा ठेवायला सांगितला आणि मागणी चालू ठेवली. गिरणी वाचली. तुला पद सोडावं लागलं. मोठ्याने बोलणारा, बसमधल्या कंडक्टरशी भांडणारा तू, त्या दिवशी तोंड उघडलं नाहीस. ठरावावर तुझीही सही घेतली. ती तू नेहमीसारखी झोकदार केलीस.

मला वाटलं, तू हरलास. कधी वाटलं, माझी कीव करून गप्प बसलास. या दुसऱ्या विचाराने मला बरं वाटायचं.

त्यानंतर तू गिरणीकडे फिरकला नाहीस. पोरं तुला रस्त्यात चिडवायची, "बासरी बेसूर वाजली का जी?" मी ऐकलं आहे. मी तिथून गाडी पुढे नेली आहे.

यंदाचा हंगाम लागला. रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली, तुडुम उघडायची वेळ आली. मला शब्द आठवत होता. मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण मनात म्हटलं, आधी आपली रोवणी उरकू, मग सोडू. मग रामेश्वरची रोवणी निघाली, तो म्हणाला, "मधातून पानी कसं नेता?" मी म्हटलं, बरं, त्याच्यानंतर. तुझे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, वाफ्यात पिवळे पडले. तू एकदा तलावाच्या पाळीवर आलास, तुडुमाजवळ उभा राहिलास, माझ्या भरलेल्या बांधीकडे पाहिलंस. मी समोरून येत होतो. तू विचारलंस, "बरा हायेस ना?" मी म्हटलं, "बरा हाये." पाण्याचं नाव तूही काढलं नाहीस. आपलं शेवटचं बोलणं ते. शेवटी पाऊस आला तेव्हा तू उशिरा, जून झालेल्या पऱ्ह्यांची रोवणी केलीस. श्रावणात तू गेलास.

तेरवीला मी आलो. जेवणं झाल्यावर वहिनींसमोर बसलो आणि म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी वासू काही बोलला काहून नाही? एक शब्द बोलला असता तं मी..." पुढे काय म्हणणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

वहिनी भांडी आवरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी विचारलं होतं जी त्याइले. ते म्हनत, दामूनं पानी देतो म्हनून सबद देल्ला हाये. आता चारचौघांत त्याची इज्जत घेतली तं पानी जाईन. नावाचं काय, नाव कोनी पेरत नाही."

म्हणजे तू हरला नव्हतास आणि माझी कीवही केली नव्हतीस. तू सौदा पाळत होतास. नाव देऊन पाणी घेतलं होतंस. आणि मी नावही घेतलं आणि पाणीही ठेवलं.

वासू, मला तुझा रागसुद्धा येतो. तू त्या दिवशी माझी कॉलर धरायला हवी होतीस. माझ्या मुलीच्या सोयरिकीचं डिझेल धरणारा तू, गाडीभर धुरासाठी मला सोडलं नाहीस आणि इतक्या मोठ्या गोष्टीसाठी सोडलंस. माझ्या शब्दावर विसंबायची तुला काय गरज होती? साठ वर्षं मला ओळखत होतास ना? वरच्या बांधीवाल्याचा शब्द काय असतो ते शेवटच्या बांधीवाल्यापेक्षा कोणाला जास्त कळतं?

आमसभेत मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. नळी कोणी उपटली, आकडे कोणी लावायला सांगितले, बदल्यात काय कबूल केलं. म्हणालो, तो ठराव मागे घ्या आणि कंपनीला खरी हकीकत कळवू. मग रामेश्वर उठला. तो दुष्ट माणूस नाही, हे मला सांगितलं पाहिजे. तो म्हणाला, "अध्यक्षसाहेब, वासूभाऊ आमचाही होता. पन जे गेलं ते गेलं. आता कंपनीले लिहून देलं तं मागनी बंद. मेलेल्या मानसाचं नाव धुवाले जित्याइचं काम कायले घालवता?" मागून कोणीतरी म्हणालं, "आन् तुमी तवा काहून नाही बोल्ले?" माझ्या बाजूने हात वर झाले ते खालच्या बांध्यांवाल्यांचे, आणि ते आधीच कमी आहेत. ठराव कायम राहिला. मी तिथेच राजीनामा दिला. कंपनीला माझ्या सहीने सगळं कळवलं आहे. उत्तर अजून नाही. मागणी तुटली तर गावात मला कोणी पाणी पाजणार नाही, आणि हमालांसमोर मला तोंड दाखवता येणार नाही. त्याचा दोषही तू आपल्या पारड्यात घेऊ नकोस, तो माझा आहे.

सभेहून परत येताना वहिनी वाटेत भेटल्या. सभेतलं त्यांच्या कानावर आलं होतं. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलतील. त्या म्हणाल्या, "सभा झाली भाऊजी. पानी कवा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुझ्या नावामागे लागलो होतो, आणि पाऊस केव्हाच थांबला होता. तुझ्या बांधीत धान लोंबीवर आलं होतं, दाणा भरायची वेळ होती. मी आधी बोलायला गेलो. बोलणं माझ्या सोयीचं होतं, त्यात मी मोठा दिसत होतो. पाणी सोडायचं तर माझी बांधी आटणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन मी माझा धुरा फोडला. खालच्याने त्याचं तोंड बांधून पाणी अडवलं. मी हात जोडून ते उघडायला लावलं आणि तिथेच बसून राहिलो. मग त्याच्या खालचा. प्रत्येकाला पाणी दिसलं की तहान लागत होती, आणि मी तर प्रत्येकाला आयुष्यभर हेच शिकवलं होतं. रामेश्वरच्या धुऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याने शिवी दिली, मग त्यानेच फावडं मारलं. एकेका धुऱ्यावर एकेक दिवस मोडत पाणी रस्त्याकडच्या तुकड्यापर्यंत आलं. भेगांनी ते कितीतरी वेळ नुसतं पिऊन टाकलं, मग हळूहळू वर चढलं आणि उभं राहिलं.

तुझी नळी तिथेच होती. मी वाकून पाहिलं. भरली होती. आता तुझ्या बांधीतूनही तो वायू निघेल, वरच्या सगळ्यांसारखा. तो कोणत्या कप्प्यात जातो हे मला पाठ आहे.

वहिनी धुऱ्यावर आल्या. त्यांनी एक लोंब तोडली, तळहातावर चोळली, फुंकली. हातात एकही दाणा राहिला नाही. सगळं पोचट होतं, उडून गेलं. त्यांनी हात पदराला पुसला.

मी म्हटलं, "वहिनी, आजची नोंद मी घेतो. पानी आलं म्हनून माह्या नावानं लिहितो."

"लिहा ना जी," त्या म्हणाल्या. "पन कवा आलं तेही लिहा."